निळी वायर

"तनुजा, तुझा आवाज तुटतोय," एवढं बोलून रश्मी मॅडमचा चेहरा स्क्रीनवर अर्ध्या उघड्या तोंडाने थिजला. तनुजाने मोडेम बंद करून चालू केला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. सगळं सुरू होईपर्यंत मीटिंग संपली होती. घरून काम करायचं तर नेट चांगलं हवं, असं मॅडमनी आधीच बजावलं होतं. नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

तिला काहीच कळेना. नेटवाला सुजित मागच्या आठवड्यात तर येऊन गेला होता. तिच्या वडिलांनी, ज्योतीरामनी, हॉलमधल्या मोडेमपासून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत निळी केबल टाकली होती, त्याला बरीच वर्षं झाली. ती कपाटामागे दबून आतून तुटत आली होती. सुजितने तिच्याशेजारून नवी पांढरी केबल टाकली, जुनी भिंतीवर तशीच ठेवली आणि नेट पळायला लागलं. मग आता काय बिघडलं?

सुजित परत आला. टेबलाखाली वाकला आणि तसाच थांबला.

"ताई, ही निळी कोणी लावली?"

"कोणी म्हणजे? तुम्हीच लावून गेलात ना."

"मी पांढरी लावली होती. दोन्ही टोकांना."

"मग आमच्या घरात भूत आहे का?" तनुजा वैतागून म्हणाली. "काम अर्धवट करायचं आणि वर आम्हालाच विचारायचं."

सुजितने निळीचं टोक काढलं. ज्योतीराम दारात उभे होते. चाकणच्या कंपनीत त्यांनी उभा जन्म पॅनलच्या वायरिंगमध्ये काढला होता. औसा गावाहून आलेला हा माणूस पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या अर्ध्या बिल्डिंगचे फ्यूज फुकट बदलून द्यायचा.

"नीट बघून लाव रे बाबा," ते सुजितला म्हणाले. "कामून सारखं खराब व्हायलंय?"

सुजितने पांढरी केबल लावली. दोन दिवस नेट उत्तम चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी तनुजा चहाला उठली आणि कप घेऊन परत आली, तर ज्योतीराम टेबलाखाली मांडी घालून बसलेले. पांढरी केबल काढून बाजूला ठेवली होती. निळीचं टोक फडक्याने पुसून ते हलक्या हाताने बसवत होते.

"बाबा, काय करताय?"

"अगं, कुणीतरी भलतीच वायर लावून गेलंय. मेन लाईन ही निळी. मी टाकलीय."

"ती खराब झालीय, बाबा. सुजितने तुमच्यासमोरच तर बदलली."

"कोण सुजित?"

ते थट्टा करत असतील म्हणून ती थोडी हसली. ते हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत खरंच प्रश्न होता, आणि मुलगी आपल्याकडे अशी का बघतेय तेही त्यांना कळत नव्हतं.

स्वयंपाकघरात तिने आईला सांगितलं. कुसुमताईंचे हात भाजी निवडता निवडता थांबले.

"परवा पिंपरी स्टेशनवरून मला फोन केला त्यांनी. घरी यायला कोणती बस, म्हणून. मी म्हटलं, उन्हानं झालं असंल."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? मलाच उमजंना."

डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली. मग तनुजाने सुजितला फोन केला. "त्या दिवशी मी उगाच बोलले तुम्हाला. तुमची चूक नव्हती." आणि काय झालं ते सांगितलं.

पलीकडून त्याने आधी काकांची चौकशी केली. मग म्हणाला, "निळी काढून टाकू का? म्हणजे प्रश्नच नाही."

"ती दिसली नाही तर ते शोधत बसतील."

"मग असं करू. ती फक्त टेबलाकडच्या टोकाला, कपाटामागेच दबलीय. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावू. वायर आखूड होईल, टेबल तेवढं अलीकडे घ्यावं लागेल."

तो आला तेव्हा ज्योतीराम शेजारी येऊन बसले. सुजितने कापलेलं टोक सोलून त्यांच्या हातात दिलं. "काका, तुमची लाईन आहे. कनेक्टरमध्ये तारा तुम्हीच भरा."

आतून बारीक रंगीत तारा निघाल्या. ठरलेल्या क्रमाने तारा लावत ज्योतीरामची बोटं झरझर चालली. पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी. मग बोटं थांबली. त्यांनी एक तार धरली, सोडली, दुसरी धरली. कपाळावर घाम आला.

"पुढची कोणती गं?" त्यांनी तनुजाला विचारलं.

तिला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो सुजित खाली बघत होता.

"माझाही इथंच गोंधळ होतो, काका," तो हळूच म्हणाला. "निळी असेल. बघा बरं."

"निळीच," ज्योतीराम म्हणाले आणि निळी तार पुढे घेतली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये रश्मी मॅडम म्हणाल्या, "आज अगदी स्पष्ट येतोय आवाज." तनुजा बोलायला लागणार तेवढ्यात ज्योतीराम आत आले. तिने माइक बंद केला.

"लाईन चालू हाय का?"

"चालू आहे, बाबा."

मान डोलावून ते गेले. थोड्या वेळाने परत दारात आले.

"लाईन चालू हाय का?"

तिने पुन्हा माइक बंद केला. खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि त्यांनी पहिल्यांदाच विचारलं असावं तसं सांगितलं, "चालू आहे, बाबा. छान चालू आहे."