पुलापासून फाटकापर्यंत

ताई लिफ्ट सोडून जिन्याने आली, तेव्हाच मला कळलं, आजचा दिवस मला जड जाणार. आमचं पडद्यांचं दुकान तिसऱ्या मजल्यावर आहे. सुट्टीच्या दिवशी ते बंद असतं, म्हणून वर्षातून एकदा आम्ही दोघी बहिणी तिथल्या कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर नकाशा पसरून पुढचा टप्पा ठरवतो. एरवी ताई आली की आधी पंखा, मग पाणी, मग माझ्या पसाऱ्यावर टीका. आज ती धापा टाकत दारात उभी राहिली आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखी हसली.

"जिन्याने आले. मध्ये एकदाच थांबले."

"कोणी सांगितलं होतं?" मी खेकसले. चूक माझी असली की मी आधी खेकसून घेते.

आमची ही पायवाट समुद्रापासून निघून थेट डोंगरांपलीकडे जाते. सलग चालायची तर नोकऱ्या सोडाव्या लागतील, म्हणून दरवर्षी एक तुकडा. नियम ताईचा: जिथे थांबलो तिथल्या खांबाला हात लावायचा आणि पुढच्या वर्षी त्याच खांबाला हात लावून निघायचं. मधलं एक पाऊलही गाळायचं नाही. भावजी म्हणतात, "भांडायला इतक्या लांब कशाला जाता? घरी भांडा, मी चहा करतो."

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी ताईचा गुडघा टम्म सुजला. नदीवरच्या पुलापासून रेल्वेच्या फाटकापर्यंतचं अंतर आम्ही दुधाच्या टेम्पोत बसून काढलं. घरून निघताना तिने विचारलं होतं, घडीचं स्टूल घेऊ का? तर मी म्हणाले होते, "नाटकाला चाललोय का आपण?" आणि टेम्पोत ती गुडघा धरून बसली असताना, "तुझ्यामुळे राहिलं," हेही मीच म्हणाले. ती दुधाच्या कॅनला टेकून बाहेर बघत राहिली.

आता तिने नकाशा पसरला, कोपऱ्यांवर माझ्या कात्र्या ठेवल्या आणि खडूने पुलावर एक खूण केली, फाटकावर एक.

"यंदा मी एवढंच चालणार. पुढे तू एकटी जा, तुझ्या पायाला भिंगरीच आहे. पण सुरुवात पुलापासून, दोघींनी. माझ्यामुळे राहिलेलं आधी भरून काढू."

"अगं, नुसता धुळीचा रस्ता आहे तो. सोडून देऊ."

"सोडून काय देऊ? त्याच्यासाठी रोज पहाटे जिने चढतेय मी. शेजारच्या काकू विचारतात, लिफ्ट बंद आहे का? तुझे भावजी म्हणतात, लिफ्टच्या खर्चात सूट मागू या." ती हात न टेकता खुर्चीवरून उठली, बसली, पुन्हा उठली. "बघ! व्यायामाच्या बाई म्हणाल्या, चाला खुशाल, फक्त मधेमधे बसत जा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण तो तुकडा मी चालून आले होते. त्या बाजूच्या एका हॉटेलने पडदे शिवायला दिले होते. मापं घ्यायला मी गेले, सकाळ मोकळी काढली, पुलावरच्या खांबाला हात लावला आणि निघाले. ताईसाठी नाही, माझी स्वतःची वाट तुटक राहिली होती, ते मला सलत होतं. फाटकाला हात लावला तेव्हा चांगला आनंदही झाला होता. तो आता आठवला आणि स्वतःचीच किळस आली.

ताई पुन्हा एकदा उठून दाखवायच्या बेतात होती. मला ते बघवेना.

"ताई, मी तेवढं चालून आलेय."

ती अर्धवट उठलेली तशीच खाली बसली. "कधी?"

"हॉटेलची मापं घ्यायला गेले होते तेव्हा."

"तेव्हा तू फोन केला होतास मला. मापं चाललीयत म्हणालीस."

"हो."

ती रागावली असती तर मीही भांडले असते आणि सुटले असते. पण तिने नुसता खडू उचलला, बोटांत फिरवला, खाली ठेवला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग तिने नकाशा माझ्याकडे सरकवला.

"मग आता एक सांग. बसायला कुठे कुठे जागा आहे? गेले कित्येक दिवस बघतेय, नकाशावरून काही कळत नाही. एखादा कट्टा, दगड, काहीही."

मी तोंड उघडलं. पूल आठवला, फाटक आठवलं. मधे माझं लक्ष परतीच्या बसवर आणि घड्याळावर. सावली होती का, कट्टा होता का, काहीच आठवेना.

"माहीत नाही."

"चाललीस ना?"

"चालले. बघितलं नाही काही."

माझे भरून आलेले डोळे पुसावेत असं मला वाटलं, पण तिच्यासमोर तेवढाही हक्क वाटेना. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं घडीचं स्टूल कोपऱ्यात होतं. मी ते उचलून माझ्या पाठपिशवीला बांधून पाहिलं. एक पाय लोंबत राहिला.

"तसं नाही," ताई म्हणाली. "पट्टा खालून घे. आणि सुरुवात पुलापासूनच, दोघींनी."