वाट न ठेवलेली भिंत

शेजारच्या वेजाच्या बकरीनं माझ्या शेतातली भुईमुगाची चार पानं खाल्ली, म्हणून मी शेताभोवती भिंत घालायला घेतली. चार पानांसाठी भिंत! पण तेव्हा मला कुणी हसलं नाही. मालदेबापाच्या रागानं बरडा डोंगरातले दगडसुद्धा दचकतात, असा माझा लौकिक होता.

त्याआधी दोन महिने आमची पूती साप चावून गेली. एकुलती एक लेक. म्हातारपणी मला अक्षरं तिनंच शिकवली.

ती गेली आणि माझी बायको हिरी खाटेवर पडली ती पडलीच. ना चूल, ना ताक. रडायची, नाहीतर छपराकडे बघत राहायची. मी दगड रचत होतो. लोक म्हणत, "बाई खचली, पर गडी बघा कसा हुबा हाय!" मी मिशीला पीळ देऊन आणखी एक दगड ठेवायचो. कुणाशी बोलत नव्हतो, बैलांना उगाच शिव्या घालत होतो, भाकरी मातीसारखी लागत होती. पण याला दुखणं कोण म्हणणार? बाई पडली की आजार, गडी पिसाळला की मर्दानगी.

दवाखान्यातली जसूबेन दर मंगळवारी हिरीकडे यायची. गोळ्या द्यायची, तासभर ऐकत बसायची. एकदा म्हणाली, "बापा, तुमीबी बसा की घडीभर."

"मला काय धाड भरलीय? रडतुया का मी?"

"म्हणून तर म्हणते."

मी पहार उचलली आणि निघालो.

दिवाळी झाली. हिरी उठली, भाकरी थापू लागली. भुईमूग निघाला, शेतात राखायला काही उरलं नाही, तरी माझी भिंत चालूच. होळीच्या सुमाराला ती डोक्याच्या वर गेली. त्या सकाळी वेजाच्या सात पिढ्या उद्धरत मी शेवटचं खिंडार बुजवलं.

दुपारी बाहेरून हिरीची हाक आली, "अवं, भाकरी आणलीया. आत कुठनं येऊ?"

वाट दाखवायला मी वळलो. वाट नव्हती. दगडांची गाडी आत, बैल आत, मी आत. विहीर बाहेर.

पलीकडे तिनं भिंतीला एक फेरी मारली. मग हिरी हसली. पूती गेल्यापासून पहिल्यांदा.

"बकरी काय आता आत येत न्हाय बगा!"

"हसू नगंस. बैलं तहानल्यात."

"आन तुमी?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी हंबरडा फुटला. साठीचा गडी, भिंतीला डोकं टेकून. पलीकडून वेजाची बकरी ओरडली. बहुतेक तिला जातभाई वाटलो.

धोंड्यावर चढून हिरी वरचे दगड उतरवू लागली.

"हळू काढ," मी हुंदक्यातच म्हणालो, "लई नीट रचल्यात."

"दिसतंय की. पाक सोताला गाडून घेतलंसा."

चार दगड निघाले आणि तिथं तिचं तोंड दिसलं. तिनं भाकरी खाली दिली.

"मंगळवारी जसूबेन यील. खाटंवर तुमी बसायचं. भिंतीचं मी बगते."

मी मान हलवली. घास तोंडात घातला तर खारट लागला. एरवी मी मिठावरून रान उठवलं असतं. त्या दिवशी गुमान खाल्ली, सगळी.