मुठीवरचं फडकं

"हे नवं खोकं बोगस आहे!" करंटकाका ट्रेलरच्या मागून ओरडले.

बायको नळाशी कपडे पिळत होती. "काल तर त्याचे गोडवे गात होतात."

काकांचा जन्म गेला विजेच्या खांबांवर, म्हणून सगळे त्यांना करंटकाकाच म्हणत. निवृत्त झाल्यावर गाडीमागे ओढायचं हे चाकांवरचं घर त्यांनी हौसेनं घेतलं. मुक्कामाच्या तळांवरची वीज लहरी. फ्रिज, टीव्ही जळू नयेत म्हणून आज त्यांनी सर्ज प्रोटेक्टरचं हे खोकं बसवलं, तर ते लाल दिवा लावून अडूनच बसलं. अर्थिंग नाही म्हणे.

"मला शिकवतोय लेकाचा!"

खोकं बाजूला काढून त्यांनी केबल पूर्वीसारखी थेट ट्रेलरला जोडली. मग पत्र्यात वीज उतरलेली नाही हे पाहून खोक्याचा खोटेपणा पकडायला दारापाशी आले. लोखंडी मुठीला बायकोनं कधीचं फडकं बांधलं होतं. "मुठीला पट्टी कसली? पडलीबिडली की काय?" ही त्यांची नेहमीची थट्टा. फडकं सोडून त्यांनी मुठीला टेस्टर टेकवला.

टेस्टर लख्ख पेटला.

काकांना तो प्लग आठवला. पहिल्याच तळावर प्लगची अर्थिंगची जाड तिसरी पिन भोकात जाईना, तेव्हा त्यांनीच ती पकडीनं तोडली होती. तात्पुरती. दोन पिनांवर सगळं चालायला लागलं आणि ते विसरून गेले. गिझरमधून गळणारी वीज तेव्हापासून जमिनीत न जाता ट्रेलरच्या पत्र्यात खेळत होती. त्यांच्या पायात सदा नोकरीतले रबरी बूट, त्यांना कुठून कळणार?

"अहो, दार चावतं," ती म्हणायची. "दार काय कुत्रं आहे?" ते हसायचे. शेवटी हाताला मुंग्या येतात म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. नसांच्या गोळ्या रोज सकाळी ते स्वतः तिच्या हातावर ठेवत. आपण या बाईला जवळजवळ मारलंच होतं.

इतक्यात ती बादली घेऊन आली. अनवाणी. ओला हात मुठीकडे गेला.

"हात लावू नकोस!"

असला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती जागीच थिजली. काकांनी धावत जाऊन प्लग उपटला.

"त्या गोळ्या बंद कर," ते कसेबसे म्हणाले. "नसा ठणठणीत आहेत तुझ्या. दारच चावत होतं."

"मी सांगत होते."

"हो गं."

तिनं बादली खाली ठेवली. चिडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी तीन पिनांचा नवा प्लग लावला, गिझरची वायर सोडवून ठेवली, खोकं परत जोडलं. हिरवा दिवा लागला. मुठीला टेस्टर लावून पाहिला, तो विझलेलाच राहिला. मग बूट काढून काका ओल्या मातीत अनवाणी उभे राहिले आणि त्यांनी मूठ घट्ट धरली.

"बघ. काही नाही. ये आता."

तिनं मान डोलावली. खाली पडलेलं फडकं उचललं, झटकलं, मुठीभोवती गुंडाळलं आणि दार उघडून ती आत गेली.