वाटी की बशी

जोआनाच्या उजव्या डोळ्यातली लेन्स पहिल्याच फटक्यात बसली. डावीने मात्र तिला रडकुंडीला आणलं. मरोळच्या गावठाणातलं घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगावर पांढरा गाऊन, डोक्यावरची जाळी अर्धवट टाचलेली, आणि नवरी आरशासमोर बोट वर करून बसलेली.

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं होतं ते ऐकायला सोपं होतं. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवायची. कडा वाटीसारख्या सरळ वर आल्या तर सुलट, बशीसारख्या पसरल्या तर उलटी. पण ही बया कधी वाटी वाटे, कधी बशी, आणि मान जरा कलती केली की दोन्ही.

एकदा घातली तर टोचली. मामेबहीण शर्लिन म्हणाली, "बशी आहे गं, उलटव." उलटवली, तर ती पुन्हा बशीच दिसायला लागली. आता मुळात कुठली बाजू कुठली होती, हे देवालाच ठाऊक!

चष्मा घातला असता तर काम झालं असतं. पण मम्मीने, म्हणजे रीटाने, महिनाभर धोशा लावला होता, "नवरी चष्म्यात? फोटोची पार वाट लागेल!" आणि चष्म्याशिवाय जोआनाला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरही दिसत नसे. तिला एवढंच हवं होतं, की पपांचा हात धरून चर्चमध्ये शिरताना वेदीपाशी उभ्या असलेल्या मर्विनचा चेहरा दिसावा. तो क्षण काही पुन्हा येणार नव्हता.

एवढ्यात रीटा स्वयंपाकघरातून तरातरा आली. "आण इकडे!" लेन्स स्वतःच्या बोटावर घेऊन तिने ती उजेडात फिरवली. "वाटी आहे. घाल गुपचूप."

जोआनाने घातली आणि किंचाळली. डोळ्यात नुसती आग! काढली, उलटवली, पुन्हा घातली. तरी आगच. वाटीनेही आग, बशीनेही आग, हा काय प्रकार, तिला काही उमगेना.

शर्लिनने नाक फुगवून वास घेतला. "आंटी, हात दाखव ना तुझा."

रीटाच्या बोटांना बॉटल मसाल्याचा वास येत होता. उन्हाळ्यात मिरच्या कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला तो वर्षभराचा जाळ. केटररवर भरवसा नाही म्हणून बाईने लग्नाच्या दिवशीही मटणात स्वतःचा हात घातला होता.

"धुतले होते गं मी," रीटा पुटपुटली, आणि पलंगावर बसून रडायलाच लागली. "मी माझ्या लग्नात चष्मा काढला होता. वेदीपाशी काळा कोट तेवढा दिसला, चेहरा दिसलाच नाही. तुला फोटोही चांगला मिळावा आणि दिसावंही, म्हणून तर लेन्स..."

गाडी आली म्हणून सांगायला आलेले पपा, म्हणजे व्हिक्टर, दारातच थबकले.

"तुला मी दिसलोच नव्हतो?"

"नाही रे."

"आणि मी इतकी वर्षं समजतोय, तुला घरच्यांनी जबरदस्तीने उभं केलं. त्या दिवशी चर्चमध्ये भिंतीकडे बघावं तशी माझ्याकडे बघत आलीस तू."

"मग विचारलं का नाहीस?"

"घाबरलो. तू हो म्हणाली असतीस तर?"

ज्यांना जोआना जन्मापासून ओळखत होती, ते हेच दोघे का? तिने डोळा खळखळून धुतला, उजवी लेन्सही काढली आणि चष्मा चढवला. मम्मी पलंगावरून उठली.

"चला पपा," जोआना म्हणाली. "मला त्याला बघायचंय."

पण रीटा वाट अडवून उभी होती. गोंधळलेली, नाक लाल झालेली. "असं कसं रे, भिंतीकडे बघावं तसं बघितलं म्हणतोस? फोटोत तू तरी कुठे हसलायस? फादरसुद्धा म्हणाले, नवऱ्याचा आवाज फुटत नाहीये."

"रडत होतो मी," व्हिक्टर म्हणाले.

"रडत? कशाला?"

"तू येत होतीस ना."