आडात आहे, पोहऱ्यात नाही

इग्नेशियसची मोटारसायकल भायखळ्याच्या पुलावर बंद पडली, तेव्हा त्याने आधी वाकून पेट्रोलचे कॉक बघितले. दोन्ही उघडे होते. मग त्याला प्रश्न पडला, हे आधीपासून उघडे होते, की आत्ता वाकल्यावर आपणच उघडले? या साध्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येईना, आणि मागे बेस्टची बस हॉर्नवर हॉर्न देत होती.

गाडी बासष्ट सालची, विलायती. दोन सिलिंडर, दोन कार्बुरेटर आणि टाकीच्या पोटाखाली दोन बाजूंना दोन पितळी कॉक. कॉक उघडा, की पेट्रोल नळीतून कार्बुरेटरच्या वाटीत उतरतं. उघडायला विसरा, की वाटीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर गाडी जरा पळते आणि भर रस्त्यात मान टाकते. गाडी घेतल्यापासूनच्या अडतीस वर्षांत इग्नेशियस लग्नाचा वाढदिवस दोनदा विसरला होता, पोरीचं शाळेतलं नाटक एकदा विसरला होता, पण कॉक कधी विसरला नव्हता.

आणि आता महिन्याभरात तीनदा गाडी बंद. पहिल्यांदा बायको, व्हायोला, हसली, म्हणाली, “म्हातारा झालास, इग्नेस.” दुसऱ्यांदा ती हसली नाही. दादरहून मुलगी मेलानी आली आणि टेबलावर डॉक्टरचा नंबर ठेवून म्हणाली, “पपा, परत एकदा बंद पडली ना, तर चावी माझ्याकडे. प्रॉमिस?” त्याने प्रॉमिस केलं. ती गाडीबद्दल बोलतच नव्हती, हे तिघांनाही कळत होतं. इग्नेशियसच्या बापाने सत्तरीत एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्याला विचारलं होतं, “तू कोणाचा मुलगा रे?” इग्नेशियस आता एकाहत्तरचा होता. त्याची झोप उडाली होती ती याच एका गोष्टीने.

म्हणून आज निघताना त्याने व्हायोलाला गिरगावातल्या घराखालच्या चिंचोळ्या गल्लीत हात धरून खाली आणलं होतं. “हात लाव. दोन्ही उघडे आहेत ना? तू साक्षीदार.” तिने वाकून हात लावला होता, “हो बाबा, आहेत,” म्हणाली होती. पण हे आज, की काल? काल तर तो निघालाच नव्हता. की निघाला होता? छे! पुलाच्या कठड्याला टेकून त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि सवयीने टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, किक मारली. गाडी चालू!

हीच तर खरी गंमत होती. टाकी भरलेली, कॉक उघडे, तरी गाडी बंद. झाकण उघडून आत एक नजर टाकली, की बाईसाहेब पुन्हा खूश. नुसतं बघितल्याने पेट्रोल वाहायला लागतं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? त्याने मेलानीला फोन केला नाही. सरळ करी रोड गाठला, जयवंताकडे.

जयवंत गिरणीतला जुना फिटर. गिरणी गेली, तिच्या जागी टॉवर आला, पण समोरच्या चाळीखालचा जयवंताचा गाळा आणि जयवंताची जीभ, दोन्ही जागच्या जागी होते.

“काय रे मेल्या, तोंड असा कित्याक?”

इग्नेशियसने सगळं सांगितलं. मुलीला दिलेलं प्रॉमिसही सांगितलं. बाप काय म्हणाला होता ते सांगितलं नाही, पण चाळीस वर्षांच्या दोस्ताला ते माहीत होतं. जयवंत नुसतं “हूं” म्हणाला, त्याने डाव्या कार्बुरेटरची नळी काढून तिचं तोंड बाटलीत सोडलं आणि कॉक उघडला. पेट्रोल धो धो आलं.

“बघ, येतंय की,” इग्नेशियस म्हणाला. येतंय याचा अर्थ दोष गाडीत नाही. मग दोष कुठे, हे सांगायला फिटर कशाला हवा?

“गप ऱ्हव जरा.”

बाटली भरली, दुसरी लावली. तीही भरली. तिसरी लावली, आणि ती अर्धी व्हायच्या आत धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग थेंब थेंब. मग तेही नाही. टाकीत पेट्रोल होतंच.

“आडात आसा, पोहऱ्यात येणा नाय,” जयवंत म्हणाला आणि त्याने झाकण सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली. धार पुन्हा धो धो.

“तेलाच्या डब्याक एकच भोक पाडलंस, तर तेल येता काय? वारो आत जाऊक दुसरा भोक व्हया. टाकीच्या झाकणाक बारीक भोक असता. तुका ठावक नाय?”

“माहीत आहे,” इग्नेशियस म्हणाला. मग म्हणाला, “माहीत होतं.”

भोक होतं झाकणाच्या मधोमध, आणि त्याच्यावर सेंट ख्रिस्तोफरचं रुपयाएवढं पदक घट्ट बसलेलं होतं. प्रवाशांचा राखणदार. सप्टेंबरात, मरियेच्या सणाला, फादरनी गल्लीतल्या सगळ्या गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं होतं, त्या सुमारास हे झाकणावर आलं असावं. इग्नेशियस ते रोज बघत होता. व्हायोलाच्या घरात फ्रिजपासून पंपापर्यंत कुठेही पदकं उगवतात, त्यातलंच एक असं त्याने धरलं होतं.

त्याच्या जिवात जीव आला. तो मोठ्याने हसला, त्याने जयवंताच्या पाठीत धपाटा घातला. “मी विसरत नाही! ऐकलंस? मी काही विसरत नाही!” डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. लगेच फोन लावला.

“व्हायोला! तुझ्या सेंट ख्रिस्तोफरने माझा गळा दाबला होता! झाकणावरचं पदक गं. त्याने हवाच बंद झाली होती. तूच चिकटवलंस ना ते?”

पलीकडून काहीच आलं नाही. गल्लीतल्या पाववाल्याची सायकलची घंटी तेवढी ऐकू आली.

“व्हायोला?”

“हो,” ती म्हणाली. “मीच चिकटवलं. चुकलं माझं, इग्नेस.”

“चुकलं काय, वेडी! आज येताना बोंबील आणतो,” म्हणत त्याने फोन ठेवला. बायको एवढ्या पटकन चूक कबूल करते, याचं चाळीस वर्षांच्या संसारी माणसाला नवल वाटायला हवं होतं. पण आनंदात कोण कसला हिशोब करतो!

जयवंताने पदकाखाली पातं सारलं, हळूहळू उचकटलं. खालचं भोक सुईने साफ केलं, फुंकर मारली. मग पदक उलटं करून चिंधीने पुसता पुसता थांबला आणि त्याने ते मुठीत बंद केलं.

“दे बघू.”

“ऱ्हवांदे रे.”

“दे म्हणतो ना.”

इग्नेशियसची एक खोड होती. गाडीला काहीही बसवलं, वायसर का असेना, की त्याच्या मागे खिळ्याने तारीख आणि आपल्या नावाची आद्याक्षरं कोरायची. पदकाच्या मागे पिवळट गोंदाखाली कोरलं होतं, आय. डी., ८ सप्टेंबर. इंग्रजी आठाचं खालचं पोट उघडं सोडलेलं. असा आठ जगात दुसरं कोणी काढत नव्हतं.

त्याने डोळे मिटून आठवून बघितलं. खिळा, गोंद, झाकण, तो दिवस. फादर आठवले, पाणी आठवलं, व्हायोलाची निळी साडी आठवली. हातात पदक धरलेला तो स्वतः कुठेच नव्हता. जिने कधी दूधवाल्यालाही खोटं सांगितलं नाही, त्या बाईने मघाशी फोनवर एवढा वेळ का घेतला, ते त्याला तेव्हा कळलं.

“जयवंता,” त्याने विचारलं, “हे अक्षर माझंच ना?”

जयवंत झाकण लावत होता. त्याने वर बघितलं नाही. “तुझाच,” तो म्हणाला.

इग्नेशियसने खिशातून चावी काढून त्याच्या हातात ठेवली. “गिरगावपर्यंत तू चालव. मी मागे बसतो.”

अडतीस वर्षांत त्या मागच्या सीटवर व्हायोला बसली होती, मेलानी बसली होती, पाळलेला कुत्राही बसला होता. इग्नेशियस पहिल्यांदाच बसला. जयवंताच्या खांद्यावर हात कुठे ठेवावा, हेही त्याला कळेना. चिंचपोकळी गेली, भायखळ्याचा पूल आला. थांब गं एकदा, तो मनातल्या मनात गाडीला विनवू लागला, एकदाच बंद पड, म्हणजे सगळा दोष तुझा. दोन्ही कार्बुरेटरना पेट्रोल पोचत होतं, आणि गाडी गिरगावपर्यंत कुठेच थांबली नाही.