ओहायोचा रंग

वेंडेल ओहायोतल्या डेटनच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि फावल्या वेळात इंटरनेटवर निवडणुकीचा नकाशा चालवायचा. अमेरिकेचा अध्यक्ष ठरतो राज्याराज्यांतल्या विजयांवरून. म्हणून प्रत्येक राज्यातल्या ताज्या जनमत चाचण्यांची सरासरी काढायची आणि त्या राज्याला पुढे असलेल्या पक्षाचा लाल नाहीतर निळा रंग द्यायचा. देशभरातले लोक सकाळी कॉफीआधी तो नकाशा उघडत. निळ्या पक्षासाठी दारोदार फिरणारी त्याची थोरली बहीण अर्लीनसुद्धा.

मतदानाआधीच्या रविवारी ती तणतणतच त्याच्या स्वयंपाकघरात शिरली. ओहायो लाल झालं होतं.

"माझे कार्यकर्ते हातपाय गाळून बसलेत! दोन दिवस रंग न देता पांढरं ठेव की. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तू मत आपल्यालाच देणार आहेस ना रे?"

"देणार. पण नकाशा काय आपल्या बापाचा आहे, ताई? नियम उन्हाळ्यातच ठरवून टाकलाय. आता आवडत नाही म्हणून बदलू?"

"मग आम्ही फिरायचं तरी कशाला?"

वेंडेलने कोट चढवला. "रंग आजचा आहे. मतदान व्हायचंय अजून. चल, मीही येतो."

आणि खरंच संध्याकाळपर्यंत तो तिच्याबरोबर दारं ठोठावत हिंडला, दोनदा कुत्रं अंगावर घेतलं.

बुधवारी निकाल लागला. देशात त्यांचा पक्ष हरला, नकाशाने सांगितलं होतं तसाच. पण ओहायो मात्र निसटत्या मताधिक्याने निळं झालं! अर्लीनने त्याला चिडवायला फोन उचलला, तेवढ्यात त्यावर त्याच्या नकाशाचं पान समोर उघडलं. बाकी सगळी राज्यं बरोबर आली होती, पण त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. सगळ्यात वर ठळक अक्षरांत होतं: ‘ओहायो माझं चुकलं. शेवटच्या दिवसांत मन बदलणारे लोक माझ्या सरासरीत आले नाहीत.’ खाली त्याचं सविस्तर गणित.

चिडवायचं राहूनच गेलं. अर्लीन पानाखालची वाचकांची पत्रं वाचत बसली. आयडाहोतल्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘मी लाल पक्षाची. वर्षभर रोज तुमचं पान वाचलं, पण तुम्ही कुणाचे ते आजही मला ओळखता येत नाही.’

अर्लीनने ते दोनदा वाचलं. मग फोन लावून म्हणाली, "वेंडेल, जेवायला ये."