खिडकीवरची बाई

माणसाचा जीव कंपनीच्या नफ्याहून मोलाचा आहे. साथ सुरू झाल्यावर कंपनीने हे वाक्य भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापून हिशेबनीस बापूंच्या खुर्चीमागे ठोकलं. मधोमध पांढऱ्या कोटातली, हसरी डॉक्टरीणबाई. ऑफिसात उघडणारी खिडकी एकच होती. ती या बाईच्या मागे गेली.

बापूंच्या घरी दमेकरी आई. आपण कामावरून तिच्यासाठी आजार घेऊन जाऊ, या धास्तीने बापूंना जेवण गोड लागेना. शेवटी ते साहेबांकडे गेले.

"साहेब, खिडकी उघडली तर हवा खेळती राहील."

"म्हणजे फ्लेक्स काढायचा?" साहेबांनी मास्क हनुवटीवर ओढला. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते तसंच करत. "मग आरोग्याची जनजागृती कुठे करायची, बापू?"

"समोर अख्खी भिंत रिकामी आहे."

"तिथे फोटो नीट येत नाही. हेड ऑफिसला पाठवावा लागतो."

"त्या बाईला तरी मास्क लावा," रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या. "दिवसभर बापूंच्या मानेवर हसतेय."

शुक्रवारी मोठे साहेब घरच्या बागेतून पडद्यावर आले. मागे झोपाळा हलत होता. "कर्मचाऱ्यांना फ्लेक्सचा आधार वाटतोय ना?"

आमच्या साहेबांनी बापूंना कोपराने ढोसलं.

"वाटतो की," बापू म्हणाले. "अगदी पाठीला टेकलाय. जरा सरकला तर मागची खिडकी उघडून श्वासही घेता येईल."

मोठ्या साहेबांना हे फारच आवडलं. खिडकी उघडा, म्हणाले. पण फ्लेक्स काढा असं काही ते म्हणाले नाहीत. आमचे साहेब हुकमाचे पक्के. त्यांनी कात्री मागवून खिडकीपुरता चौकोन कापला. बाईचं डोकं गेलं, कोट राहिला. बापू उभे राहिले की त्यांचं डोकं बरोबर त्या कोटावर बसे. ताई येता-जाता लांबूनच त्यांच्यापुढे मनगट धरत. "डॉक्टर, नाडी बघता का?"

वारा मात्र झकास येई. बापूंना भूक लागू लागली. ऑफिसात एकही माणूस आजारी पडला नाही.

बापूंच्या आईला लागण झाली, आणि ती बरीही झाली. तिला ती मावशीकडून झाली होती. मावशी तब्येतीची चौकशी करायला आली होती.